आभाळातलं लोखंड आणि सायकलचं हँडल

प्रिय मुर्तिनी,

हे पत्र पार्तो घेऊन येतोय. आधी त्याला आत घे आणि काहीतरी खायला घाल, नाहीतर तू वाचत असताना तो सारखा खोकत राहील. माझ्या भट्टीवर जन्मभर घण मारलेला माणूस आहे, पण घणापेक्षा त्याच्या खोकण्याचा आवाज मोठा. त्याच्याजवळ पिवळ्या कापडातलं एक गाठोडं आहे. पत्र संपेपर्यंत ते उघडू नकोस. तू उघडशीलच, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, पण सांगणं माझं काम.

तुझे यजमान गेल्यानंतरच्या हजाराव्या दिवसाच्या जेवणाला मी सालातिगाला आलो होतो, ते तुझ्या लक्षात असेलच. चांगलं बाटिक नेसून, टोपी सरळ करून, चटईवर पुरुषांच्या ओळीत गंभीर बसलो होतो. तू भाताचं ताट घेऊन आलीस, खाली वाकलीस आणि हळूच विचारलंस, “सायकलवर आलास का?” भर दुवा चालू असताना मला असा ठसका लागला की इमामसाहेब ओळच विसरले. शेजारचे म्हातारे मला पाठीवर थोपटून म्हणाले, फार जीव होता वाटतं तुमचा त्यांच्यावर. मी काय सांगणार कप्पाळ! तुझ्या यजमानांना मी एकदाच भेटलो होतो, तेही तुमच्या लग्नात.

म्हणजे तू विसरलेली नाहीस. मग मीही मोकळेपणाने लिहितो. तुझ्या वडिलांना केरीस खंजिरांचं वेड. जावई लोहाराचा पोर असला तरी चालेल, पण केरीस त्याने स्वतः घडवलेला हवा, ही त्यांची अट. पात्यावर पांढरी नक्षी उमटायची तर लोखंडाच्या घड्यांत निकेल लागतं, आणि ते आभाळातून पडलेल्या लोखंडात असतं. तसलं लोखंड होतं राजवाड्यात, कुलपाआड. माझ्याकडे काय होतं? आजोबांची जुनी डच सायकल. तिचं निकेलचा मुलामा असलेलं हँडल कापून मी ते पात्यात घड्या घालघालून ठोकलं. नक्षी अशी झकास उमटली म्हणतेस, सांडलेल्या तांदळांसारखी! तुझ्या वडिलांनी पातं दोन बोटांत धरलं, नखाने टिचकी मारली, कानाशी नेलं आणि अख्ख्या गोतावळ्यासमोर विचारलं, “मुला, याला घंटी कुठे बसवलीस?” तुझे काका हसता हसता चटईवर आडवे झाले. मग वडील म्हणाले, “आभाळातलं लोखंड घेऊन ये, मग बोलू.”

त्या संध्याकाळी पेरूच्या झाडाखाली तू मला गाठलंस. म्हणालीस, “सायकल तर सायकल. डबलसीट नेतोस?” आणि मी खांबासारखा उभा राहिलो. तू वाट पाहिलीस, मग मान उडवून आत गेलीस, आणि काही महिन्यांनी सालातिगाच्या शाळा तपासनिसांशी तुझं लग्न झालं. तुला वाटलं असेल, भित्रा आहे. इतकी वर्षं तुला तसंच वाटू दिलं. त्यावर पुढे लिहितो.

मी लग्न केलं नाही. पण त्याग वगैरे समजू नकोस हं. एक तर धुराच्या वासाचा नवरा कोणालाच नको होता, आणि दुसरं म्हणजे मी लोखंडाच्या मागे लागलो होतो. लोकांनी काय काय आणून दिलं! साखर कारखान्याच्या भट्टीतला मळ आणला, जहाजाचा नांगर आणला, एकाने तर तोफेचा गोळा आणून शपथेवर सांगितलं की तो काल रात्री छप्पर फोडून पडला. छपराला भोक कुठे आहे विचारलं तर म्हणाला, लगेच बुजवलं.

आणि ते निघालं कुठे? वोनोगिरीला, बुदे कार्सीकडे. माझ्या आईची ही थोरली बहीण, आठवते ना, टोफू करायची? या वर्षी हात थकले म्हणून तिने धंदा बंद केला आणि टोफूच्या फडक्यावर ठेवायचं काळं वजन मला दिलं, ऐरणीला टेकू लाव म्हणाली. कानस लावली तर आतून चांदीसारखी चमक, आभाळातल्या लोखंडाची! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. लहानपणापासून मी त्या धोंड्याखालचा टोफू खात होतो, वर त्याला लोखंडाचा वास येतो म्हणून कुरकुरतही होतो.

खात्री करायला त्याचा एक तुकडा विद्यापीठात पाठवला आणि इकडे तयारीला लागलो. उपास धरला, चांगला दिवस काढला, भट्टीपुढे फुलं, भात, केळी मांडली. केळी पार्तोने खाल्ली. पूर्वजांना इतकी पिकलेली आवडत नाहीत म्हणे. भाता चालू झाला, निखारे पांढरे झाले, मी धोंडा सांडशीत धरला, पार्तो घण उचलून तयार राहिला, आणि तेवढ्यात दारात स्कूटर आडवी टाकून रेत्नो नावाची विद्यापीठातली शास्त्रज्ञबाई धावत आली. थांबा, थांबा म्हणत ती थेट माझ्या सांडशीलाच लोंबकळली.

तिने सांगितलं की त्या धोंड्यात टेट्राटेनाइट नावाचं काहीतरी आहे. लोखंड आणि निकेल त्यात एकाआड एक थर धरून बसलंय, कारण ते आभाळात इतकं हळू निवलं की एवढासा उष्मा उतरायला लाखो वर्षं गेली. म्हणाली, “वागियोकाका, हे भट्टीत घातलंत की चहा उकळायच्या आत सगळी घडी विस्कटेल. लोखंड राहील, निकेल राहील, पण हे राहणार नाही.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला आला राग. जन्मभर शोधलं, पोटात कावळे ओरडतायत, आणि विस्तवात न घालायचं लोखंड लोहाराने काय चाटायचं? पार्तो म्हणाला, “सांग बाबा, मारू की नको? हात अवघडला.”

मुर्तिनी, मला खरंच ठरवता येईना. हाती आलेलं पातं जगात एकमेव झालं असतं. पण टिचकी मारायला तुझे वडील राहिले नाहीत. आणि मग मला ते भाताचं ताट आठवलं, वाकून विचारणारी तू आठवलीस. इतक्या वर्षांत माझ्याही आत काहीतरी असंच हळूहळू जागच्या जागी बसलंय. ते मी विस्कटू दिलं नाही, मग हे कसं विस्कटू? मी भट्टी विझवली. रेत्नोला एक काप दिला, ती नाचतच गेली. मग पोटभर जेवलो.

आता गाठोडं उघड. उघडलेलंच असेल. त्यात आभाळातला धोंडा आहे, कच्चा, दोन काप सोडले तर जसाच्या तसा. तुझ्या वडिलांनी घेऊन ये म्हटलं होतं, ठोकून आण असं म्हटलं नव्हतं. सोबत तो जुना सायकलचा केरीस आहे. लग्नाला नवरा स्वतः येऊ शकत नसेल तर त्याच्या जागी त्याचा केरीस बसवतात, ही रीत तुला मी सांगायला नको. माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त पुन्हा चारचौघांत टिचकी खायची हिंमत नाही, म्हणून आधी त्याला पाठवलंय. नको असेल तर तो पार्तोबरोबर परत पाठव, धोंडा तुझ्या टोफूसाठी ठेव. मी रागावणार नाही. वाईट मात्र वाटेल, खूप वाटेल. हवा असेल तर ठेवून घे आणि पार्तोला रिकाम्या हाताने पाठव, मी समजेन. आणि एक सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी पेरूखाली मी घाबरलो नव्हतो गं. सायकलला हँडलच नव्हतं. ते आत तुझ्या वडिलांच्या हातात होतं. काल नवं बसवून घेतलं. मागे तुझ्यासाठी गादी लावली आहे. आणि हो, घंटीही आहे.

तुझाच, तेव्हाही आणि आताही,
वागियो