विरजण आणि एकशे सतरावे कार्ड

मी, कु. मंदाकिनी दत्तोपंत झरीकर, वय पंचवीस, व्यवसाय शिक्षण, राहणार पेडगाव, तालुका व जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र माझ्याच अक्षरात, माझ्याच मर्जीने लिहून ठेवते. लहानपणीच्या सांधेतापाने माझ्या हृदयाची एक झडप आकसली असून येत्या एकोणीस तारखेला पुण्यास शस्त्रक्रिया व्हायची आहे. दम लागतो, बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टर धीर देतात, आई नवस बोलते, मी कलमे लिहिते. समोर बोलणे मला कधीच जमले नाही, हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

कलम १. निळी साडी आणि खिडकीजवळची बसण्याची जागा धाकटी बहीण हेमा हिला द्यावी. साडीवरचा शाईचा डाग तिनेच पाडला आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

कलम २. इंग्रजी-मराठी शब्दकोश बाबांकडे परत जावा. इंग्रजीतले समाजशास्त्रीय सिद्धांत मराठीत उतरवताना मला एका पानाला तीन-तीन दिवस लागत, तेव्हा बाबा शेजारी बसून शब्द काढून देत आणि विचारत, "हा गृहस्थ सरळ का बोलत नाही गं?"

कलम ३. माझी खरी इस्टेट म्हणजे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातील एकशे सतरा कार्डे. ती जुन्या लग्नपत्रिका कापून केली आहेत; एका बाजूला वधूवरांची नावे, दुसऱ्या बाजूला श्रमविभागणी, सत्ता, देवाणघेवाण. मी रोज पत्रिकाच लिहीत होते, यात माझ्या लग्नाची काळजी वाहणाऱ्या नातेवाइकांनी समाधान मानावे. परभणीच्या कॉलेजात पुढे जी मुलगी मराठीतून समाजशास्त्र शिकून संशोधनाला लागेल, तिला ही कार्डे द्यावीत. ती कोणाची कोण, हे विचारू नये.

कलम ४. माझे मार्गदर्शक अनंतराव सर यांच्यावर माझा राग आहे, तो याद्वारे सोडून देते. एम.ए.ला पहिली आल्यावर मी मुलाखती घ्यायला निघाले, तर सर म्हणाले, "गावात काय जातेस? तू गावातच आहेस. आधी बघायला शीक." दीड वर्ष त्यांनी नुसते सिद्धांत वाचायला लावले. पाया भरण्यातच माझे आयुष्य संपायचे, असे मी हेमाजवळ रडून म्हटले होते. ते वाक्य मागे घेते. सरांना माझे शाईपेन द्यावे, त्यांचे गळते.

कलम ५. शेजारच्या बायनाबाई यांना काहीही मिळणार नाही, कारण त्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला देणगी चालत नाही, असे वकील सांगतात. त्यांचे ऋण मात्र नोंदवते. उन्हाळ्यात विरजण नासले की शेजारणीकडून आणतात, त्याची परतफेड कशी होते, असे मी त्यांना वही उघडून विचारले होते. त्या पोट धरून हसल्या. "इरजन फेडत्यात व्हय कुटं? आज तिचं नासलं, उद्या माजं नासंल. मागायला आल्यालीला न्हाई म्हनू नी, बस्स. येवढं शिकलीस मंदे, आन् दही लावायचं कळंना तुला!"

कलम ६. कार्ड क्रमांक ११७ मध्ये दुरुस्ती. त्यावर मी 'एका गृहिणीने विरजण नाकारले' एवढेच लिहिले आहे. ही लबाडी आहे. नामांतराच्या दंगलीच्या साली, मी बारावीत असताना, बौद्धवाड्यातील सरजाबाई आमच्या मागच्या दारी वाटी घेऊन आल्या. एरवी आई त्यांच्या वाटीत वरून घालत असे. त्या दिवशी म्हणाली, "संपलंय." दह्याचे गाडगे शिंक्यावर भरलेले होते. ती गृहिणी माझी आई, सौ. अनसूया. शिंक्याखाली पुस्तक उघडून गप्प बसलेली मी होते. माझी नोंद कार्डावर कुठेच नाही. सरजाबाई पुन्हा आल्या नाहीत.

सबब, माझ्या माघारी आईने एक वाटी विरजण स्वतः नेऊन सरजाबाईंच्या हाती द्यावे. आईवर माझा राग नाही. तिच्याच हातचे दही खाऊन मी वाढले. फक्त हे मला तिच्यासमोर आठ वर्षांत बोलता आले नाही.

ताजा कलम. सह्या होण्यापूर्वी, आज सकाळी, आईने हे वाचले. चष्मा काढून म्हणाली, "तुझ्या मरणाची वाट बघत बसू का मी विरजण द्यायला? लय शिकलीस." आणि वाटी भरून निघाली. मी थांबत थांबत मागे गेले. सरजाबाई दारात उभ्या राहिल्या, वाटीकडे पाहत. म्हणाल्या, "आठ वर्सं झाली, ताई. आमचं कवाच लागलंय." आईने वाटी मागे घेतली नाही, पुढेही केली नाही. शेवटी सरजाबाई आत गेल्या आणि आपल्या दह्याची वाटी घेऊन आल्या. "तुमचं ठिवते. ह्ये न्या. पोरीला जायच्या आदी खाऊ घाला."

त्या दह्याचे विरजण आज आमच्या दुधाला लागले आहे. सबब कलम ६ माझ्या हयातीतच अमलात आल्याने रद्द समजावे. बाकी कलमे कायम. डब्यात क्रमांक ११८ घातलेले एक कोरे कार्ड ठेवले आहे. ते कोणालाही देऊ नये. पुण्याहून आल्यावर मी लिहीन.

ठिकाण: पेडगाव
दिनांक: ५ मे १९८६

सही: मंदाकिनी दत्तोपंत झरीकर

आमच्यासमक्ष सही केली:
१. बायनाबाई, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)
२. मुंजाजी, पोस्टमन (सही)