किनाऱ्यावर राहिलेला शर्ट

प्रिय पोरी,

तुझी आई गेल्याचं वाचलं. शेवटी त्रास झाला नाही ना? ते तू लिहिलंच नाहीस. मी जेमतेम चौथी शिकलेला, चुकलंमाकलं सांभाळून घे. पत्र पोचलं की लगेच कळव, नाहीतर जिवाला घोर लागतो.

आमची विनाशिका, म्हणजे लढाऊ बोट, युद्धात दोन वर्षं मालाच्या बोटींची राखण करत फिरली. एकदा बुडत्या बोटीवरची एकशेचाळीस माणसं आम्ही वर ओढली, सगळी तेलानं माखलेली. त्यांचे कपडे धुऊन माझे हात महिनाभर काळे होते. बॉयलरवरचे तुझे बाबा स्वतःचा बिछाना दोघांना देऊन तीन दिवस जमिनीवर झोपले.

शेवटच्या खेपेला बोटीवरचं धुलाईयंत्र बिघडलं, म्हणून गाठोडी घेऊन मी बंदरातल्या धुलाईघरात गेलो. इस्त्री चालू असतानाच बोटीला निघायचा हुकूम आला. धक्क्यावर धावत पोचलो, तोवर बोट सुटली होती. तिसऱ्या दिवशी पाणबुडीनं टॉर्पेडो मारले. दोनशेतले अकरा वाचले, त्यात तुझे बाबा नव्हते. आणि कोरडा असा मी एक.

आठवड्यानं तुझी आई तुला कडेवर घेऊन आली. त्यांचं काही राहिलंय का, म्हणाली. मी गाठोड्यातला शर्ट दिला. तिनं तो तोंडाशी धरला. वास साबणाचाच. "धुतलास कशाला रे?" एवढंच बोलली.

आता बंदरावरच्या संग्रहालयाच्या नव्या दालनात तो शर्ट बाबांच्या नावानं ठेवणार, असं तू लिहिलंस. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. पोरी, तो तुझ्या बाबांचा नव्हे. ते आपले कपडे स्वतःच धुवायचे. मला म्हणायचे, तुझ्या हाती शर्ट दिला की बटणं पळून जातात. तुझ्या आईला रिकाम्या हातानं पाठवणं मला जमेना. तोफेवरच्या एकाचा शर्ट होता, कॉलरमधली खुणेची दोऱ्याची टीप उसवून तो दिला. दोन दिवसांनी त्याची बहीण आली. तिला मी काहीच नाही म्हणून सांगितलं. ती आता ऐंशीची आहे. दर वर्षी बोटीच्या स्मारकापाशी तेच विचारते आणि मी नकाराची मान हलवतो. तुझी आई होती तोवर माझी जीभ उचलली नाही. त्या बहिणीचा पत्ता पत्रामागे लिहिलाय. मला शिव्या दे, पण त्या शर्टावर बाबांचं नाव लावू नकोस.

तुझाच,
बोटीवरचा धोबीकाका