ओलसर म्हणजे किती ओलं

ती. आत्यास, दुरूनच नमस्कार (जवळून केला की तू कान धरतेस).

तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? मी मजेत आहे. वजन वाढलंय असं लिहिणार होतो, पण तुला ते पटायचं नाही.

मागे कळवलं होतं ना, की मी अंड्यांच्या धंद्यात मोठ्या जागेवर आहे? जागा मोठी आहे हे खरं. अंडी मात्र कोंबडीची नाहीत, पालींची आहेत. (स्टुलावरून खाली उतर, पत्र अजून बरंच आहे.) इथले लोक ठिपक्यांच्या पाली हौसेने पाळतात, आमच्या मालकीणबाई त्या विकतात. अंड्यांचं कवच कातड्यासारखं मऊ. डब्यात काहीतरी ओलसर भरायचं, त्यात अंडी अर्धी पुरायची आणि ऊब द्यायची, की पिल्लं निघतात. माझ्या आधीचा माणूस वाळू वापरायचा. ती वर कोरडी, खाली गच्च. अंडी कुजली आणि तो घरी गेला. मग बाई मला म्हणाल्या, "आता कशात ठेवायची ते तू ठरव. ओलसर हवं." मी विचारलं, ओलसर म्हणजे किती? तर म्हणे, "ओलसर म्हणजे ओलसर! नाही जमलं तर पिशवी भर."

आता मऊ आणि उबदार म्हटलं की मला एकच वस्तू आठवते, मी निघताना तू शिवून दिलेली रजई. रागावू नकोस, एका कोपऱ्यातलाच कापूस काढला (कोपरा जरा मोठा होता). भिजवला, पिळला, अंडी मांडली. सकाळी बघतो तर कापूस वरून खडखडीत आणि अंड्यांचे गाल बसलेले, काकांनी कवळी काढल्यावर बसतात तसे. घाबरून पाणी ओतलं, तर खाली तळं! पिशवी शोधायलाच लागलो होतो, तेवढ्यात नजर गेली माझ्या फाटक्या गादीवर. ती नारळाच्या काथ्याची. काथ्या कातरून, कुटून भुसा केला, भिजवला आणि पीठ मळताना तू माझ्यावर ओरडायचीस ते आठवलं, "मेल्या, मुठीत गोळा व्हायला हवा, बोटांतून पाणी गळायला नको!" अगदी तसाच केला. आत्या, बसलेले गाल पुन्हा भरले गं! परवा सगळी अंडी फुटून पिल्लं निघाली. बाईंनी पाठ थोपटली (पगाराचं काही बोलल्या नाहीत) आणि पिल्लं मोजायला सांगितली.

तुझा,
आता खरोखरच मोठ्या जागेवरचा भाचा

ता. क. रजई आज ट्रकवाल्या दोस्ताबरोबर पाठवली आहे. कापूस भरून दे. गादी तर गेलीच, आणि इथे थंडी पडायला लागली.

आणखी ता. क. आत्ताच पिल्लं मोजली. एक कमी आहे. अंडी फुटली तेव्हा रजई डब्याला खेटूनच घडी घातलेली होती. बाईंना उद्या हिशोब द्यायचाय, मी काहीतरी सांगून चार दिवस काढतो. तू रजई अंगणात उघड, आणि काकांच्या हाती झाडू लागू देऊ नकोस. माझी नोकरी आहे तिच्यात.

शेवटचं ता. क. सापडलं तर झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात घालून त्याच दोस्ताबरोबर परत पाठव. खाली काहीतरी ओलसर अंथर. किती ओलसर, ते तुला मी काय सांगणार!