इंग्लंड, मुक्काम लोणावळा

१७ जून, सोमवार. सकाळी ६.१०
नवीन डायरी चालू. परदेशी नोकरी करणाऱ्या माणसाला शिस्त हवी. रोज लिहिणार. इंग्लिशमध्येच लिहिणार होतो, पण आज घाई आहे.

सध्या मुक्काम लोणावळा. टेंपररी. शनिवारी परंदवडीहून एअरपोर्टला निघालो आणि एक्सप्रेसवेला लागतोय तोच एजंट पायल मॅडमचा फोन. इंग्लंडच्या ज्या वृद्धाश्रमाने मला केअर असिस्टंट म्हणून स्पॉन्सर केलं होतं, त्यांचं लायसन्सच म्हणे रद्द झालं. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट सगळं मॅडमचा माणूस एअरपोर्टवर देणार होता, तो आता येणार नाही. काळजी नको, तीन आठवड्यांत दुसरा स्पॉन्सर देते म्हणाल्या. आबांनी एफडी मोडून दिलेले बारा लाख मॅडमकडेच आहेत, म्हणजे सेफ आहेत.

घरी परत का नाही गेलो? शुक्रवारी गावात माझा सत्कार झाला. शाल, फेटा, सरपंचांचं पाऊण तास भाषण. फाट्यावर वीस फुटी फ्लेक्स, माझा गॉगलमधला फोटो, खाली शुभेच्छुकांची चाळीस तोंडं. त्या फ्लेक्सखालून बॅगा ओढत गावात शिरायचं? व्हिसा हातात यायच्या आधी सत्कार घेतला हे खरं, पण सरपंचांना नंतर वेळ नव्हता.

रडारड नको म्हणून एअरपोर्टला कोणाला येऊ दिलं नव्हतं. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

२० जून
नोकरी मिळाली! लोणावळ्यातच, तुंगार्लीत बंगला. अरुंधतीबाई, वय ८१, रिटायर्ड हेडमास्तरीण. त्यांना उठवणं, फिरवणं, गोळ्या देणं, आणि बाकीचं जे असतं ते. मुलगा रुचिर लंडनला असतो. त्यानेच व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू घेतला. अठरा हजार, राहायला मागची खोली, जेवण फुकट. गेटवर आणि बागेत गोरखभाऊ म्हणून एक जण आहेत.

आता शांतपणे विचार केला तर, मालक लंडनला. पगार लंडनहून. काम केअर असिस्टंटचं. म्हणजे तत्त्वतः मी यूकेच्याच नोकरीत आहे. फक्त लोकेशन वेगळं.

२५ जून
घरी पहिला व्हिडिओ कॉल. आपला दुपारचा दीड म्हणजे इंग्लंडचे सकाळचे नऊ. धुकं असं की समोरचं झाड दिसत नाही. आई म्हणाली, बाई बाई, केवढं हे धुकं, स्वेटर घाल रं. आबा म्हणाले, लोनावळ्यावानीच दिसतंय की. मी म्हणालो, आबा, लोणावळं काय चीज आहे याच्यापुढे.

घरच्यांना सहज पटलं. इतकं सहज पटायला नको होतं, थोडा राग आला.

३ जुलै
लिव्हिंग कॉस्ट मॅनेजमेंट. संकल्प :
चहा बंद. (बाईंचा असतो तेव्हा घेणं वेगळं.)
नाश्ता बंद. परदेशात सगळे इंटरमिटंट फास्टिंग करतात.
वडापाव आठवड्यातून एकदा. टुरिस्ट रेट आहे, लूट आहे.
दरमहा पंधरा हजार घरी. पौंडातून पाठवतो असं सांगायचं.

आबांनी खर्चाचं विचारलं. मोबाईलवर वाचून सगळे भाव सांगितले. केस कापायला दीड हजार म्हटल्यावर आबा म्हणाले, मग कापू नगंस, हितं आल्यावर एकदाच काप. माझा बाप इंग्लंडचा खर्च सोमाटण्याच्या न्हाव्यावरून ठरवतो. या लोकांत राहून माझी प्रगती कशी झाली असती?

संध्या. ७.३०
दोन वडापाव. पाऊस फार होता.

१४ जुलै
पंधरा हजार पाठवले. आई म्हणाली, येवढंच? सत्यमचं तर चौतीस येत्यात. मी म्हणालो, सुरुवातीला कटिंग फार असतं.

घरात बघावं तेव्हा सत्यम, सत्यम! धाकटा आहे माझ्याहून चार वर्षांनी. आमची जमीन कंपनीत गेली तेव्हा जमीनवाल्याच्या एका मुलाला परमनंट नोकरी मिळाली. एका घराला एकच. थोरला म्हणून ती माझीच होती. मी ग्रॅज्युएट, मशीनवर उभा राहून ऑइलात हात घालणार? म्हणून मोठ्या मनाने सत्यमला दिली. आता नवीन पोरं सगळी कॉन्ट्रॅक्टवर घेतात, परमनंट कोणाला नाही. तेव्हा त्या नोकरीवर आज जे घर चालतं ते खरं म्हणजे माझ्यामुळे चालतं. हे कोणी बोलत नाही.

२९ जुलै
कॉल चालू असताना गोरखभाऊ मध्येच घुसले. आरं संदेश, म्हातारी हाका मारतीया, तिचं भांडं कोन काढनार? आईने ऐकलं. तू भांडी काढतूस व्हय? मी सांगितलं, इथे आपले मावळातले खूप लोक आहेत, मंडळ आहे, चेष्टा करतात. आईला बरं वाटलं. परमुलखात आपली मानसं पायजेतच म्हणाली.

गोरखभाऊंना आता सगळं सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, परंदवडी किती लांब हाय रं हितनं? तासाभराची बस, मी म्हणालो. मग जा की घरी, म्हणाले. मी म्हणालो, तुम्हाला नाही कळणार. ते म्हणाले, व्हय, मला न्हाईच कळत.

८ ऑगस्ट
चांगली बातमी. पायल मॅडमनी स्वतःहून फोन केला. (मी केलेल्या साठ फोनांना उत्तर नव्हतं, पण बिझी असतात.) नवा स्पॉन्सर जवळपास फायनल. फक्त एक मिनिटाचा व्हिडिओ हवा, क्लायंटचा कॉन्फिडन्स वाढायला. धुकं होतंच. बंगल्याच्या दगडी भिंतीसमोर उभं राहून बोललो : नमस्कार, मी संदेश. माझा पायल मॅडमवर पूर्ण विश्वास आहे. तुम्हीही स्वप्न बघा.

एक शब्द खोटा नाही. इंग्लंडात आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. तीनदा ऐकून बघितलं. आवाज चांगला आलाय.

१९ ऑगस्ट
सत्यमचा फोन. दादा, तुजा व्हिडिओ बगितला, लय भारी! पायल मॅडमला भेटून आलो, मी बी येतो तिकडं. कोमलला म्हायेरी ठिवतो, बाळ झालं की दोगांना नेतो.

कोमल त्याची बायको. पाचवा महिना.

मी म्हणालो, अरे थांब, घाई नको, इथे खर्च फार. तो हसला. म्हणाला, तू येवढ्यात भागवून पैशे धाडतोस, तर मला का न्हाई जमनार?

माझ्या काटकसरीचं उदाहरण मलाच दिलं. एका बाजूने अभिमान वाटला. त्याला खरं सांगायलाच हवं. उद्या सांगतो. आज बाईंचं पोट बिघडलंय, चार वेळा चादर बदलली.

२० ऑगस्ट
सांगितलं नाही. नेटवर्क नव्हतं.

२१ ऑगस्ट
नेटवर्क होतं. मूड नव्हता.

३ सप्टेंबर
सत्यमला मॅडमना भरायला आठ लाख कमी पडतात. सगळा पीएफ हवा तर राजीनामा द्यावा लागेल म्हणाला. मी म्हणालो, राजीनामा नको देऊस, रजा टाक. त्याला वाटलं मी त्याला येऊ देत नाही. पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला. दादा, जमीन समद्यांची गेली, इंग्लंड काय तुज्या एकट्याचं हाय व्हय? आणि फोन ठेवला.

म्हणजे मी त्याचं भलं बघायचं आणि मलाच बोलणी! ठीक आहे. बघ म्हणावं मग.

११ सप्टेंबर, गौरी जेवल्या त्या दिवशी
अरुंधतीबाईंनी विचारलं, गणपतीत घरी का गेला नाहीस. आधी टोलवलं. पण हेडमास्तरीण. चष्म्यावरून बघत बसल्या. दहा मिनिटांत सगळं ओकलो. म्हणाल्या, फोन आण. माझ्यासमोर भावाला लाव. मी म्हणालो, आत्ता तो सेकंड शिफ्टला असेल. त्या म्हणाल्या, मग शिफ्ट सुटल्यावर. आणि खरंच रात्री जाग्या राहिल्या, विचारलं, लावलास? मी म्हणालो, हो, बोलणं झालं, समजला तो.

शाबास म्हणाल्या. एक पेढा दिला. खाल्ला. मला लाज वाटली. खरंच वाटली, इथे लिहून ठेवतो.

१३ सप्टेंबर
आईचा फोन. सत्यमनं राजीनामा दिला. कंपनीने दहा मिनिटांत घेतला, साहेबाने हात मिळवला. आईने त्याला विचारलं होतं, परत यायचं झालं तर जागा देतील का रं? साहेब म्हणाला म्हणे, ती जागाच आता संपली.

आई म्हणाली, तू हायेस तितं, म्हनून मी घोर करत न्हाई.

हे सगळं माझ्या मनात नव्हतं. मी फक्त एक व्हिडिओ दिला होता. कोणीही दिला असता.

२९ सप्टेंबर, रविवार
सत्यमचा सत्कार. नवा फ्लेक्स तीस फुटी, दोघं भाऊ, मध्ये विमान. मला मोठ्या पडद्यावर व्हिडिओ कॉलने बोलवणार होते. सकाळीच ठरवलं : सगळ्या गावासमोर सांगायचं. सत्यमची नोकरी गेली, निदान आठ लाख तरी वाचतील. पीएफ हातात येईपर्यंत उसने घेतलेत, मॅडमना उद्या भरायचे आहेत. वाक्यं लिहून काढली, पाठ केली. दाढी केली.

कॉल लागला. समोर अख्खं गाव. टाळ्या. आबांनी फेटा बांधलेला, तोंड धुतल्यासारखं लख्ख. त्यांनी माइक घेतला. म्हणाले, जमीन गेली तवा वाटलं, मागं पोरांना काय ठिवलं म्या? आज कळलं. आणि रडले. आबांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं.

सरपंच म्हणाले, संदेशराव, भावाला दोन शब्द सांगा.

मी म्हणालो, ये सत्या. एअरपोर्टला घ्यायला येतो.

६ ऑक्टोबर, रविवार. दुपारी
आज सत्यमची फ्लाइट होती. सकाळपासून पायल मॅडमचा फोन बंद. ऑफिसच्या नंबरवर कोणीतरी पिझ्झावाला उचलतो. चुकून लागत असेल. सत्यमचं काम कदाचित खरंच झालं असेल. माझ्या केसमध्ये प्रॉब्लेम होता म्हणून सगळ्यांच्या केसमध्ये असेल असं नाही. पॉझिटिव्ह राहायचं.

८ ऑक्टोबर, मंगळवार
सत्यमचा फोन आला. व्हॉट्सअॅपवर, व्हिडिओ न लावता.

एअरपोर्टवर मॅडमचा माणूस आलाच नाही. काउंटरवर नाव सांगितलं, तर त्या नावाचं तिकीटच नाही म्हणाले. रात्रभर तिथल्या बाकावर बसला. पहाटेच्या गाडीने मळवलीला उतरला आणि चालत लोहगडवाडीला गेला. रेणुका मावशी म्हणून कोणाचा तरी स्टॉल आहे, ट्रेकवाल्यांना पिठलं-भाकरी देतात. तिथे भांडी घासतो, मागे झोपतो. घरी जायला तोंड नाही म्हणाला. तो फ्लेक्स हाय ना दादा.

आणि रडायला लागला. तीस वर्षांचा माणूस. कोमलचं काय करू, आबांना काय सांगू, नोकरी बी घालवली म्या. माझ्या खोलीपासून लोहगडवाडी रिक्षाने जेमतेम तासभर. मी आहे तिथेच बसून होतो. तोंडापर्यंत आलं होतं, सत्या, मीपण.

तेवढ्यात तो म्हणाला, दादा, माजं येक काम कर. आईला सांग, सत्यम माज्यापाशी पोचला. तू सांगितलं की ती इस्वास ठिवंल.

सांगतो म्हणालो.

संध्या. ६.००
आईला सांगितलं. पोचला. दमलाय, झोपलाय. आई म्हणाली, दोगं येका ताटात जेवा रं आज. मी हो म्हणालो. अरुंधतीबाई आतून ऐकत होत्या. मी जेवण घेऊन गेलो तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि माझ्या हातून जेवल्या नाहीत. गोरखभाऊंनी भरवलं.

रात्री ९.१५
सत्यमचा पुन्हा फोन. आवाज जरा शांत होता. आई काय म्हनाली ते विचारलं, सांगितलं. 

ठेवता ठेवता म्हणाला, माजं जाऊ दे. आपल्या दोगांतला येक तरी पोचला, येवढ्यावर मी तग धरून हाय. तू पोचलास ना दादा, नीट?

मी म्हणालो, हो.