कपाटातला फोन वाजला तर

चिमणे,

मी बँकेत जातेय, बाबांचं खातं आणि कार्ड बंद करायला. काल तू बँकेचे कागद पुढ्यात आपटलेस ते बरंच केलंस. कार्डाची वर्षाची फी, शिल्लक कमी पडली म्हणून दंड, वर मेसेज पाठवल्याचेही पैसे. "आई, गेलेल्या माणसासाठी तीन वर्षं हे भरतेस?" म्हणालीस.

भरत होते गं. दर महिन्याला कपाटात शर्टांखाली त्यांचा फोन थरथरायचा आणि बँक त्यांना पूर्ण नावानिशी हाक मारायची. जिवंतपणी तरी ते इतक्या वेळेवर कधी बोलले? आणि आपण दोघी तर या घरात त्यांचं नावही काढत नाही. मग तेवढी हाक मी विकत घेत राहिले.

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

दुपारी कपाटातून आवाज आला तर दचकू नकोस. खातं बंद झाल्याचा मेसेज असेल. पुसू नकोस. मी आले की मला मोठ्याने वाचून दाखव, अगदी त्यांच्या नावापासून.

आई