सरळ छेद

४ जून
शुक्रवार पेठेतल्या प्रसूतिगृहात आजपासून मावशी म्हणून लागले. चेतना सिस्टरनी आल्याचा चहा पाजला. हे गेल्यापासून घर खायला उठायचं. इथं दिवसभर बाळांचं रडणं, बरं वाटतं. लेकीला, काव्याला, नववा लागलाय. तिचं बाळंतपण इथंच करू म्हणते.

६ जून
सिस्टरचं पुस्तक वाचायला घेतलं. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. मूत्राशय, गर्भपिशवी, गुदाशय तिच्यावर टेकलेले. वाट मोठी करावीच लागली तर छेद तिरका घ्यावा. सरळ खाली घेतला तर फाटत गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाऊ शकतो. टाके घातल्यावर बोटानं तपासावं.
डॉक्टर मॅडम प्रत्येक पहिलटकरणीला कापतात, आणि सरळच. तपासत नाहीत. मी विचारलं, तर म्हणाल्या, "मावशी, तुम्ही फरशी पुसा की."

११ जून
दुपारी न्हाणीत ओवा-शेपांची धुरी कोंडलेली. शेगडीवर एक बाई उकिडवी, पाठमोरी. आपल्याकडं आज बाळंतीणच नाही. सिस्टरना सांगितलं, त्यांचा चेहरा उतरला. कुंभारी गावची शिवबाई, म्हणाल्या. तीन वर्षांपूर्वी सरळ कापलेली. शौच आवरेना, तर मॅडमनी सांगितलं, बाळंतिणीचं अंग सैलच असतं, धुरी घ्या. नवऱ्यानं गोठ्यात झोपवलं. वर्षभर सोसलं, मग विहीर जवळ केली.

१५ जून
मॅडमपुढं हात जोडले, काव्याला गरज नसेल तर कापू नका. हसल्या.
न्हाणीत गेले. शिवबाई मान न वळवता बोलली, "तुमची लेक बी हितंच येणार न्हवं?"
मी म्हटलं, माझी पोर सोड, बाई. कापणारी पुढच्या खोलीत बसते.

१८ जून
मॅडमना बसवत नाही. खुर्चीवर डाग. कोटाला धुरीचा वास. मला दया येत नाही.

२० जून
काव्याला कळा. मॅडमनी कात्री उचलली — हात तसाच वर राहिला. बाळ आपलं आपण आलं. मुलगी. एक टाका नाही.
काव्याला खाटेवर आणलं. सिस्टर बाळ पुसतायत. मॅडम आतच — टेबलावर. कुणी निजवलं, मी पाहिलं. मीच बाहेरून कडी घातली.
मॅडम आतून हाका मारतायत. गिरिजाबाई, गिरिजाबाई. इतके दिवस त्यांना माझं नाव माहीत नव्हतं.
काव्या रडतेय — आई, कडी काढ, त्या मरतील.
नाही मरणार. शिवबाईनं तसा शब्द दिलाय — जगवायचं. ती स्वतः वर्षभर जगली तसं, रोज —