खालची खोली

सान्ता वेनेरा,
१० मे १९८८

प्रिय आसुंता,

तुझं पत्र शनिवारच्या बोटीने पोचलं. तुम्ही सगळे खुशाल आहात हे वाचून बरं वाटलं. आम्हीही ठीक. तुझ्या वहिनीने, नीनफाने, पत्र मला मोठ्याने वाचायला लावलं आणि 'ऑगस्टमध्ये सुट्टीला येतेय, लीसाला घेऊन' या ओळीला ती रडायलाच लागली. सत्तावीस वर्षांत तू एकदाच आलीस. आता सहा वर्षांच्या नातीला मेलबर्नहून आणून आपली काळी वाळू दाखवणार म्हणतेस. धाडस आहे, पण तू लहानपणापासून हट्टीच.

इकडचं म्हणशील तर नेहमीसारखंच. केपरच्या झुडपांना खारवायच्या कळ्या यंदा लवकर धरल्या. नीनफा पहाटे उठून तोडायला जाते आणि दिवसभर गुडघा धरून बसते. डोंगर थोडा जास्त धुमसतोय. वारा बंदराकडे फिरला की वाळत घातलेल्या कपड्यांनाही गंधकाचा वास लागतो. पाहुण्यांना त्याचीच गंमत वाटते, नाक दाबून फोटो काढतात.

ईस्टरला बेर्गामोहून एक जोडपं आलं होतं, ते तिसऱ्याच दिवशी गेलं. त्यांचा कुत्रा मेला. उंदराचं औषध खाल्लं असावं. असो.

तू खालची खोली मागितलीस. 'आईने शेवटी हट्टाने मागून घेतलेली खोली आहे, मला तिच्याच पलंगावर झोपायचंय' असं लिहिलंस. अगं, तिथे आता काय आहे? भिंतींना ओल आहे, जाळ्यांच्या गुंडाळ्या पडल्यात. तुम्हाला वरची गच्चीकडची खोली देतो. तिथून समुद्र दिसतो, लीसाला बोटी मोजता येतील.

एन्झोला नमस्कार, लीसाला पापा.

तुझा भाऊ,
ओनोफ्रियो


सान्ता वेनेरा,
९ जून १९८८

प्रिय आसुंता,

तुझं उत्तर इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. तिकिटं काढलीस, चांगलं झालं. म्हणजे, चांगलंच झालं. पण ऑगस्टची गर्दी तुला आठवत नाही. धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसते. ऑक्टोबरात आलीस तर समुद्र कोमट असतो आणि द्राक्षंही उतरवलेली असतात. तिकिटं बदलून मिळतात का बघ.

ओलीचं तुला काही वाटत नाही म्हणतेस. लहानपणी आपण चार जण तसल्याच ओलीत खोकत झोपायचो, हे खरं. पण लीसाचा विचार कर. शिवाय मी ती खोली रंगवायला काढणार आहे. रंगाचा वास महिनाभर जात नाही.

मेमध्ये कातानियाहून एक बाई आली आहे, डॉक्टर लिकाता. माणसांची नव्हे, डोंगरांची डॉक्टर. लांब नळ्या घेऊन फिरते आणि जमिनीत खुपसते. परवा सावेरिओच्या बारमध्ये तिची नि त्याची जुंपली. त्याचं हॉटेल आता बंदराच्या रस्त्यापर्यंत वाढलंय, त्यामुळे डोंगराविषयी कुणी वाकडं बोललं की त्याला झोंबतं.

'बाई, आमचा डोंगर माझ्या आजोबांच्या आधीपासून असाच आहे,' तो म्हणाला. 'त्याला ताप आलाय म्हणून तुम्ही त्याच्या काखेत नळी लावणार?'

सगळे खो खो हसले. बाई हसली नाही.

'वरून धूर निघतो त्याची मला काळजी नाही. पायाखालून जो वायू येतो तो दिसत नाही, त्याला वास नाही. तो हवेपेक्षा जड असतो. पाणी साचावं तसा खोलगट जागेत साचतो. बंदराकडे कुणाच्या घराला तळघर आहे?'

 मी कॉफी ढवळत राहिलो. साखर घातलेली नव्हती, तरी ढवळत होतो.

'तुमचं घर बंदराच्या रस्त्यावरच आहे ना?' तिने मला विचारलं.

'खाली अडगळ आहे,' मी म्हटलं. 'तिथे कुणी राहत नाही.'

गेल्या आठवड्यात सावेरिओच्या आत्याच्या तीन कोंबड्या परसातल्या खड्ड्यात मेलेल्या सापडल्या. कुठे जखम नाही, काही नाही, झोपल्यासारख्या. आत्या म्हणते शेजारणीने दृष्ट लावली.

हे तुला उगाच लिहीत बसलो. फोन करू नकोस. तो बारमध्येच आहे आणि तिथे बोललेलं संध्याकाळपर्यंत देवळात ऐकू येतं. तारखेचं तेवढं बघ. ऑक्टोबर.

तुझा,
ओनोफ्रियो


सान्ता वेनेरा,
३ जुलै १९८८

आसुंता,

तुझी दोन पत्रं आली, एक मला आणि एक नीनफाला. माझ्या पत्रात तू विचारलंस की खालची खोली मी कुठल्या मिलानवाल्याला आधीच देऊन बसलो आहे का. परक्यांना पलंग देणाऱ्या भावाला बहीण जड झाली का. पलंग नसला तर लीसाला घेऊन तिथे जमिनीवर झोपेन, असंही लिहिलंस.

नीनफाने तिचं पत्र माझ्या ताटाशेजारी ठेवलं. 'ती पोरीला जमिनीवर झोपवणार आहे,' ती म्हणाली. 'आज लिही. नाहीतर मी लिहीन.'

त्याला चार-पाच दिवस झाले. आता लिहितो. उभ्यानेच वाचू नकोस, बसून घे.

आईने ती खोली मागितली नव्हती. तिला जिने चढवत नव्हते हेही खोटं. तीन वर्षांपूर्वी, गेली त्या वर्षीही, जून महिन्यापर्यंत ती माळ्यावरून टोमॅटोच्या परड्या स्वतः खाली आणत होती. त्या ऑगस्टात आमच्या वरच्या तिन्ही खोल्या मिलानच्या पाहुण्यांना भाड्याने गेल्या होत्या. मी आणि नीनफा स्वयंपाकघरात झोपायचो. आईला मी म्हटलं, 'खाली गारवा आहे, मा, तुला बरं पडेल.' ती म्हणाली, 'ती तर पिंपांची जागा आहे रे.' मी पिंपं हलवली, चुना मारला आणि तिचा पलंग खाली नेला. एवढं करून मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

चार-पाच दिवसांनी ती म्हणायला लागली की सकाळी डोकं जड होतं, जिना चढून अंगणात येऊन बसलं की उतरतं. तिचं वय अठ्ठ्याहत्तर. मी म्हटलं, ऊन आहे.

मग दिव्याचं. तुझ्या नावाचा सण, मरियामातेचा पंधरा ऑगस्टचा, जवळ आला की ती मरियामातेच्या तसबिरीपुढे तुझ्यासाठी दिवा लावायची, हे तुला ठाऊक आहे. तू गेल्यापासून एकदाही तिने तो चुकवला नाही. तसबीर तिने पलंगाजवळ बुटक्या चौरंगावर ठेवली होती. तेरा तारखेला दिवा विझला. तिने पुन्हा लावला, पुन्हा विझला. माझ्याकडे आली. 'ओनोफ्रियो, आसुंताचा दिवा टिकत नाही. पोरीला काही झालं तर नाही ना?' मी हसलो, आसुंता. म्हटलं, 'तेल जुनं असेल.' मी तिला नवं तेल आणून दिलं.

चौदाला दुपारी तिने माझा हात धरला. 'आज मला वर ने. मी स्वयंपाकघरात तुमच्या पायाशी पडेन. खाली मला धाप लागते.' मी बादल्या भरत होतो, मिलानच्या बाईंना अंघोळीला पाणी हवं होतं. मी म्हटलं, 'रविवारी ते जातील, मा. चार दिवसांचा तर प्रश्न आहे.'  हात तिनेच सोडला.

पंधराला सकाळी मिरवणुकीसाठी मी तिला उठवायला गेलो. ती पलंगावर नव्हती. चौरंगाजवळ जमिनीवर होती, काड्यापेटी हातात. चेहरा गुलाबी होता, इतका ताजा की मी तिला हाका मारत राहिलो. माझंही डोकं गरगरलं, मला वाटलं दुःखाने. लिपारीहून डॉक्टर आले, म्हणाले हृदय थांबलं, या वयात होतं. मी ते धरून ठेवलं. तुला लिहिलं की तिने हट्टाने ती खोली घेतली होती आणि शांत झोपेत गेली. तू एकटी तिकडे रडत असशील, म्हणून तुला बरं वाटावं असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मलाच बरं वाटायला हवं होतं.

या ईस्टरला बेर्गामोच्या जोडप्याने विचारलं की कुत्र्याला कुठे ठेवायचं. मी खालची खोली दाखवली. सकाळी दार उघडलं तर तो दाराला नाक लावून मेलेला. लाकडावर आतून ओरखडे होते. जोडपं गेल्यावर मी मेणबत्ती पेटवून जिन्यावरून उतरलो. उभा होतो तोवर ती नीट जळत होती. वाकून गुडघ्यापर्यंत आणली आणि ती गेली. वारा नव्हता. पुन्हा लावली, पुन्हा तिथेच गेली. मी पायरीवर बसलो आणि मला सगळं कळलं, तीन वर्षांचं एकदम.

मी दाराला कुलूप घातलं आणि गप्प बसलो. एप्रिल, मे, जून. बंदराच्या रस्त्यावर अशाच बुटक्या खोल्या आहेत, त्यांत पाहुणे येऊन झोपतायत हे मला दिसत होतं. रोज सकाळी मी गॅलरीतून बघायचो, सगळे उठून बाहेर येतात का. आणि तुला रंगाच्या वासाच्या गोष्टी लिहायचो.

तुझं पत्र ताटाशेजारी आलं त्या दुपारी मी डॉक्टर लिकाताला घरी घेऊन आलो. ती तोंडाला मुखवटा लावून खाली गेली, मी जिन्यात थांबलो. तिने यंत्र उशीच्या उंचीला धरलं, आकडा वाचला, वर आली आणि मुखवटा काढून विचारलं, 'इथे कोण झोपायचं?'

'माझी आई,' मी म्हटलं.

तिने लिहिणं थांबवलं. मग म्हणाली, 'हे तुम्ही माझ्याबरोबर येऊन सगळ्यांना सांगाल का? माझं कुणी ऐकत नाही.'

बारमध्ये दहा-बारा जण होते. सावेरिओच्या खालच्या चारही खोल्या त्या दिवशी भरलेल्या होत्या. मी जे तुला लिहिलं ते तिथे उभं राहून सांगितलं. कुणी हसलं नाही. सावेरिओ गल्ल्यामागून बाहेर आला.

'स्वतःच्या आईला मारलंस, आता सगळ्या बेटाला मारायला निघालास होय रे?'

'तुझ्या खालच्या खोल्या रिकाम्या कर,' मी म्हटलं. 'आजच कर, सावेरिओ.'

तो माझ्या पायाशी थुंकला. पण संध्याकाळी त्याच्या एका खोलीतून रोमच्या एका बाईला दोघांनी धरून उचलून बाहेर आणलं. ती दुपारची झोपली होती आणि उठत नव्हती. मोकळ्या हवेत तासाभराने शुद्धीवर आली. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेने त्या रस्त्यावरच्या सगळ्या खालच्या खोल्यांना सील ठोकलं. वर्तमानपत्रात आलं, बोटी अर्ध्या रिकाम्या येतायत. लोक माझ्याशी बोलत नाहीत. पाववाला पाव ठेवतो आणि तोंड फिरवतो. सावेरिओ मात्र काल रस्त्यात भेटला, टोपीला हात लावला आणि न बोलता गेला.

आमच्या वरच्या खोल्याही मी या उन्हाळ्यात कुणाला दिल्या नाहीत. वर हवा चांगली आहे, डॉक्टर लिकाताने दोनदा मोजली. तरी लीसाला आणू नकोस. तू यावंस की नाही, हे सांगायचा अधिकार मला उरलेला नाही. मिलाझ्झोहून बोट मंगळवारी आणि शनिवारी लागते. आलीस तर नीनफा धक्क्यावर असेल. मी तिथे असावं का, ते तू कळव. नाही कळवलंस तर मी घरात थांबेन.

ओनोफ्रियो


आसुंता, त्याने पाकीट बंद करण्याआधी मी सगळं वाचलं. त्यातलं एकही अक्षर खोटं नाही. फक्त एक गोष्ट त्याला ठाऊक नाही, म्हणून त्याने लिहिली नाही. चौदा तारखेला संध्याकाळी आईंनी मलाही विचारलं होतं. मी ऐकूच आलं नाही असं दाखवून पाहुण्यांच्या चादरींच्या घड्या घालत राहिले.

पाकीट आता मीच पोस्टात टाकते आहे.

नीनफा